नीवेसच्या चार ओळी

हे सगळं एकदा पहिल्यापासून नीट मांडून बघू दे मला, म्हणजे चूक नक्की कोणाची ते ठरेल. माझी नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

मी एर्मेस गिरार्दिनी, जमिनी मोजणारा सर्व्हेअर. तीस वर्षं लोकांची कुंपणांवरून होणारी भांडणं मिटवतोय, तेव्हा कुठली गोष्ट कोणाच्या हद्दीत पडते हे मला कोणी शिकवायला नको. या प्रकरणातली चूक पडते मायेस्त्रो बोसेल्लीच्या हद्दीत. थोडी अमिल्कारे खाटकाच्या, थोडी सरकारी कचेरीच्या, आणि उरलेली त्या चाकांवरच्या डब्याच्या. पण आज दुपारपासून गाव काय म्हणतंय? गाव म्हणतंय, "सर्व्हेअरनेच आणला ना तो रोबो!"

आणला. हो, आणला! पण कसा आणला ते विचारा की कोणीतरी!

आमच्या कास्तेल्बुयोत दरवर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी एक ऑपेरा होतो. एकच, आणि दरवर्षी तोच. आमच्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका गृहस्थाने दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला. गावाबाहेर तो कोणाला माहीत नाही आणि गावात तो कोणाला आवडत नाही, पण एखाद्या वर्षी नाही झाला तर लोक आमच्या घरांवर दगड मारतील. एक सरदार, त्याची मुलगी, तिचा प्रियकर, भलत्याच्या हातात पडलेली एक चिठ्ठी, आणि शेवटी सगळे मेलेले. तिसऱ्या अंकात एक मुका नोकर तबकातून ती चिठ्ठी आणतो. चालत यायचं, तबक पुढे करायचं, चालत जायचं, संपलं काम. चाळीस वर्षं ते ओरेस्ते पोस्टमनने केलं. या हिवाळ्यात त्याचा गुडघा गेला आणि डॉक्टरने त्याला स्टेजच्या पायऱ्या चढायला बंदी केली.

आता एवढ्या मोठ्या गावात दुसरा माणूस मिळायला काय हरकत आहे? पण आमच्या गावात मुकं काम करायला माणूस मिळत नाही हो! पाववाला गातो, नोटरी गातो, दंतवैद्य तर तुमच्या तोंडात हात घालून गातो. ज्याला विचारावं तो म्हणतो, "तबक धरतो, पण जाता जाता एक तान मारू द्या." मंडळाची सभा अडीच तास चालली. मी चिटणीस. अडीच तास मी लिहितोय: अमुक यांनी नकार दिला, तमुक यांनी एका तानेच्या अटीवर होकार दिला. शेवटी माझं डोकं फिरलं. मी पेन टेबलावर आपटलं आणि ओरडलो, "मग एखादा रोबो आणा आणि द्या त्याच्या हातात तबक! आमच्या खाली आर्जाबाईंकडे ती विद्यापीठातली इंजिनीअर मुलगी राहते, ती दिवसभर तेच बनवते!"

याला टोमणा म्हणतात. जगात कुठेही यावर लोक हसले असते, कोट चढवून घरी गेले असते. पण मायेस्त्रो बोसेल्लीने चष्मा काढला. हा बुवा आमचा वाद्यवृंद चालवतो, आणि याने चष्मा काढला की गावाने समजावं, याला कल्पना सुचली. मागच्या वेळी काढला होता तेव्हा दुसऱ्या अंकात खऱ्या मेंढ्या आल्या होत्या.

"एर्मेस," तो म्हणाला, "तू थोर आहेस."

मला कोणी थोर म्हटलं की माझी बोलती बंद होते, ही माझी एकच दुबळी बाजू. तेवढ्यात ठराव पास झाला, आणि अंमलबजावणीपुढे माझं नाव लिहिलं गेलं, तेही माझ्याच अक्षरात.

आता नीवेसचं सांगायला हवं, कारण खरं प्रकरण तिचंच आहे. नीवेस माझी बायको. बावीस वर्षं ती कोरसमध्ये गाते. दुसरी ओळ, डावीकडून तिसरी, नोटरीच्या बायकोच्या मागे. नोटरीच्या बायकोचा अंबाडा एवढा उंच की बावीस वर्षांत प्रेक्षकांना नीवेसचं कपाळ तेवढं दिसलं. पण तिसऱ्या अंकात एक म्हातारी दाई आहे. चिठ्ठी येते, नाचणाऱ्या मुली थांबतात, वाद्यं जवळजवळ गप्प होतात, आणि ती दाई सरदाराच्या मुलीला चार ओळी म्हणते: बाळ, आत्ता उघडू नकोस ती चिठ्ठी, उजाडू दे आधी. एवढंच. त्या सबंध ऑपेरात चांगलं असं तेवढंच आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दाईचं काम करणारी पाल्मिरा नाताळात मुलाकडे तोरिनोला राहायला गेली, आणि ते काम नीवेसला मिळालं.

तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही चार दिवसांनी सांगितलं, बटाटे सोलता सोलता. मग रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना ती ते गुणगुणायची. मी दारात गेलो की थांबायची. "म्हण ना," मी म्हणायचो. "स्टेजवर ऐक," ती म्हणायची. मी आपला बाहेरच्या खोलीत पेपर धरून कान देऊन बसायचो, पण भिंती जाड आणि खालून आर्जाबाईंचा टीव्ही. एक ओळ कधी धड ऐकू आली नाही.

तर रोबो आला. माझ्या छातीएवढा उंच, खाली चाकं, दोन हात, डोक्याच्या जागी एक वाटोळा दिवा. कोरसने त्याचं नाव आन्सेल्मो ठेवलं. त्याच्याबरोबर आली ती वेरेना, आर्जाबाईंची भाडेकरू. पोरगी हुशार, पण वरची, डोंगराकडची. तिकडची माणसं दिलेल्या वेळेला येतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल विश्वास वाटत नाही. तिने सांगितलं, "सर्व्हेअर, हा ठरवून दिलेल्या वाटेवर नुसता चालणारा नाही. हा बघतो, ऐकतो आणि त्याप्रमाणे वागतो." नाचणाऱ्या सहा मुलींच्या घोट्यांना तिने पट्टे बांधले. मुलीने पाय उचलला की आन्सेल्मो हात उचलणार, ती वाकली की हा वाकणार. आणि कोणी गायला लागलं की गाणाऱ्याकडे वळणार.

"आणि कोणी ओरडलं तर?" मी विचारलं.

"गाणं आणि ओरडणं यांतला फरक त्याला शिकवलाय," ती म्हणाली.

आमच्या गावात हा फरक माणसांना शिकवता आलेला नाही.

थिएटरच्या तळघराला ओल, म्हणून आन्सेल्मोचा मुक्काम कोणाच्या गॅरेजमध्ये? माझ्या. माझी गाडी रस्त्यावर, कबुतरांच्या हवाली. आर्जाबाई रोज जिन्यात गाठून सल्ला द्यायच्या. "सर्व्हेअर, त्याला मांजर दाखवू नका, बावचळेल." "सर्व्हेअर, पाद्रीबाबांकडून थोडं पाणी शिंपडून आणा, काय सांगावं." "सर्व्हेअर, माझ्या भाच्याचं लग्न त्या वेरेनाशी जमतंय का बघा ना, तुमचं ऐकेल ती." मी घरात येऊन दार आपटायचो. नीवेस मात्र शांत. ती खाली जाऊन त्या डब्यावरची धूळ पुसायची. त्याच्या अंगावर तिने जुना टेबलक्लॉथ घातला, आमच्या लग्नातला.

मग सुरू झाली कचेरी. स्टेजवर जे जे येणार त्याची यादी जिल्ह्याच्या कचेरीत द्यावी लागते. फॉर्मला तीन रकाने: कलाकार, वस्तू, प्राणी. मी सरळ वस्तूच्या रकान्यात लिहिलं, रोबो, नग एक. खिडकीमागे पेल्लाकानी नावाचे कारकून, मिशा अशा की प्रत्येक केसाला वेगळी परवानगी घेतली असावी.

"हा स्वतःहून हलतो?"

"हलतो."

"मग वस्तू नाही. वस्तू हलत नाही."

"अहो, मग पडदा? तो नाही हलत?"

"पडदा ओढतात, साहेब. याला कोण ओढतं?"

"कोणी नाही."

"झालं तर. कलाकारात घाला. जन्मतारीख?"

"गेल्या ऑक्टोबरात बनवलाय तो!"

"म्हणजे सहा महिन्यांचा. चौदा वर्षांखालच्या कलाकाराला आईवडिलांची लेखी संमती लागते. आईवडील हयात आहेत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "पेल्लाकानी, तो डबा आहे! डबा! चाकांचा!" ते शांतपणे म्हणाले, "मग राहिला तिसरा रकाना. मेंढ्यांच्या वेळी तुम्हीच भरला होतात ना?"

"त्या मेंढ्या होत्या!"

"त्याही स्वतःहूनच हलत होत्या, साहेब."

मी टेबलावर हात आपटला, पेल्लाकानींच्या सगळ्या मिशांचा उद्धार केला, आणि सही केली. रोबो: प्राणी, नर, एक. प्राणी म्हटला की गुरांच्या डॉक्टरचा दाखला आला. डॉक्टर गॅरेजमध्ये आला, टेबलक्लॉथ उचलून बघितला. मग लिहून दिलं: डोळा तेजस्वी, स्वभाव शांत, जंत नाहीत. तीस वर्षं मी सरकारी कागदांवर खऱ्याखुऱ्या सह्या करत आलो, आणि आता हे माझ्या नावाने फायलीत लागलं.

तालीम मात्र, खोटं कशाला बोलू, छान झाली. मुली नाचल्या, आन्सेल्मो त्यांच्यामध्ये हात हलवत फिरला, तबक एकदाही कलंडलं नाही. ओरेस्ते पोस्टमन खाली खुर्चीत गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, तो म्हणाला, "माझ्यापेक्षा बरा चालतो, पण चेहऱ्यावर भाव नाहीत." आणि तेवढ्यात नायिकेने पहिला सूर लावला, आन्सेल्मो तिच्याकडे वळला, आणि ऐकताना त्याच्या डोक्याचा दिवा पेटला. जांभळा!

थिएटरमध्ये जांभळा! पूर्वी ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस पाद्री जांभळं घालायचे, नाटकं बंद व्हायची आणि नट उपाशी मरायचे. तेव्हापासून आमच्याकडे स्टेजवर कोणी जांभळा रुमालसुद्धा नेत नाही. नायिका किंचाळून विंगेत पळाली. अपशकुन टळावा म्हणून सरदाराने खिशातल्या किल्लीला हात लावला, बाकीच्यांनी मिळेल त्या लोखंडाला. ट्रॉम्बोनवाला तर वाद्य खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

वेरेना म्हणाली, "हा काय वेडेपणा? ऐकताना तो जांभळाच होतो. कारखान्यातूनच तसा येतो."

मी शास्त्राचा माणूस. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण विश्वास नाही म्हणून मुद्दाम धोका कशाला पत्करायचा? मी घरून पार्सलची तपकिरी चिकटपट्टी आणली आणि दिव्याभोवती गुंडाळली.

"सर्व्हेअर, तो त्याचा डोळा आहे!" वेरेना ओरडली. "त्याच दिव्यात कॅमेरा आहे. आता त्याला काही दिसणार नाही!"

"गाण्याच्या कामाला कान पुरतात," मी म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नायिका परत आली. तिच्या समाधानासाठी मी आणखी दोन वेढे दिले.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण मायेस्त्रोने पुन्हा चष्मा काढला.

"मित्रहो," तो म्हणाला, "जरा कल्पना करा. मुका नोकर. कोणी त्याच्याकडून काही अपेक्षा करत नाही. आणि तोच एकदम गातो! दाईच्या चार ओळी तो गातो! यंत्राच्या तोंडून माणुसकी! वर्तमानपत्रवाले येतील."

मी नीवेसकडे बघितलं. ती अंबाड्यामागे होती, मला फक्त कपाळ दिसलं.

"आणि आवाज नीवेसचाच घेऊ," मायेस्त्रो म्हणाला. "रेकॉर्ड करू. म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको."

वाईट वाटायला नको! अरे, बावीस वर्षं मागे उभी राहिलेली बाई, तिचा आवाज काढून डब्यात भरायचा आणि तिला पुन्हा अंबाड्यामागे उभं करायचं, आणि वर म्हणायचं वाईट वाटायला नको! मी उठलो. मायेस्त्रोला मी काय काय म्हटलं ते कोणी टिपणात लिहिलं नाही, कारण टिपण लिहिणारा मीच. नीवेसने माझी बाही ओढली. "घरी चल," म्हणाली.

घरी मी म्हटलं, "नाही म्हणून सांग त्याला! आत्ता फोन कर!"

"तूच आणलास ना त्याला," ती म्हणाली. आणि इस्त्री काढून बसली. दुसऱ्या दिवशी वेरेनाच्या खोलीत खिडकी बंद करून रेकॉर्डिंग झालं. मला जिन्यात थांबवलं, माझा श्वास ऐकू येतो म्हणे. पाच मिनिटांत नीवेस बाहेर आली, वर गेली आणि इस्त्री करायला लागली. चादरी, रुमाल, भांडी पुसायची फडकी, सगळं. त्या आठवड्यात आमच्या घरात मुळी सुरकुती राहिली नाही. आणि तिचं गुणगुणणं बंद झालं.

मी आपला विचार करतोय, करतोय, आणि एका सकाळी दाढी करताना आठवलं. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात नियम आहे: रंगमंचावर प्राण्याला आवाज काढण्यास भाग पाडू नये. आन्सेल्मो प्राणी आहे! सही-शिक्क्याचा प्राणी! अर्ध्या दाढीने मी जिल्ह्याच्या कचेरीकडे गाडी हाकली. पेल्लाकानींनी मला बघितलं आणि चक्क उठून उभे राहिले.

"सर्व्हेअरसाहेब, मी तुम्हाला फोनच करणार होतो! त्या दिवशी तुम्ही एवढं बोलून गेलात, माझ्या मनाला फार लागलं. मी वर लिहिलं, पाठपुरावा केला. विशेष बाब म्हणून मंजूर झालं. तुमचा आन्सेल्मो आता प्राणी नाही, कलाकार आहे! जिल्ह्यात पहिलाच!" आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"परत प्राणी करा," मी म्हटलं.

"अहो, कलाकाराला खाली उतरवता येत नाही. आणि कामावरून काढायचं तर पंधरा दिवसांची नोटीस लागते."

प्रयोगाला नऊ दिवस होते. तीस वर्षांत सरकारने माझं ऐकलं ते या एकाच वेळी!

आणि मग आजचा दिवस. दुपारी साडेतीनचा प्रयोग, तीनशे बारा खुर्च्या भरलेल्या, वर गॅलरीत अमिल्कारे आणि त्याची टोळी. अमिल्कारे माझ्या वर्गातला, दुकानात सॉसेज भरता भरता सबंध ऑपेरा पाठ म्हणतो. गॅलरीतल्या लोकांना एकेक सूर माहीत असतो आणि एकही चुकलेला सूर ते माफ करत नाहीत. त्यांना खूश करायला कोणी गात नाही, त्यांच्या तावडीतून सुटायला गातात.

पहिले दोन अंक बरे गेले. तिसऱ्यात आन्सेल्मो आला. मी विंगेत, हातात चिकटपट्टी, कारण नायिकेला कडेने जांभळं दिसल्याचा भास झाला होता आणि मी आणखी एक वेढा दिला होता. मुली नाचल्या, हात हलले, लोक पुढे सरकून बघायला लागले. आणि एका मुलीच्या घोट्याचा पट्टा सुटला. तिने काय करावं? वाकून वर ओढला. आन्सेल्मो वाकला. तिने पुन्हा ओढला, तो पुन्हा वाकला, या वेळी प्रेक्षकांकडे तोंड करून, राजदरबारातल्यासारखा, आणि तबकातली चिठ्ठी घरंगळत खाली गेली, सरळ ट्रॉम्बोनवाल्याच्या मांडीवर. ट्रॉम्बोनवाल्याने ती साप पडल्यासारखी झटकली.

"अरे, आमच्याकडे टाका!" वरून अमिल्कारे ओरडला. "आम्ही वाचून दाखवतो!"

सगळी गॅलरी हसली. हसली तिथवर ठीक. पण मग कोणीतरी शिट्टी मारली, मग दुसऱ्याने, मग "लाज वाटते का!", मग "ओरेस्तेला आणा!", आणि ओरेस्ते खालून ओरडला, "गुडघा गेलाय रे!" आन्सेल्मोला शिकवलं होतं की सगळं शांत झालं की गाणं सुरू करायचं. शांत कुठे होतंय? तो आपला उभा, आंधळा, रिकामं तबक पुढे धरून. मायेस्त्रोची काठी वर अडकलेली, व्हायोलिनवाले एकच सूर ओढतायत. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. वेरेना विंगेत लॅपटॉपवर बोटं आपटत तिच्या डोंगराकडच्या भाषेत काहीतरी म्हणत होती, बहुतेक शिव्या असाव्यात.

आणि माझा तोल गेला. मी स्टेजवर गेलो. रोजचा कोट, हातात चिकटपट्टी, तसाच गेलो आणि अगदी पुढे जाऊन उभा राहिलो.

"गप्प बसा!" मी ओरडलो. "गप्प बसा सगळे! बोसेल्ली, तू आधी! बावीस वर्षं एक बाई तुझ्यासमोर उभी आहे आणि तुला डबा दिसतो, ती दिसत नाही?"

"अरे एर्मेस, तुझा कुठला आवाज रे? टेनर का?" वरून अमिल्कारे.

"तू बोलू नकोस! तू सॉसेज भर! माणसाला गाऊ देत नाही तुम्ही, यंत्राला गाऊ देत नाही, तुम्हाला फक्त स्वतःच्या शिट्ट्या ऐकायच्या असतात!"

"शाबास! पुढे बोल!"

"बोलतो! चार ओळी होत्या तिच्या! चारच! सरदाराला चाळीस पानं, नायिकेला साठ, मरतानासुद्धा ती बया आठ मिनिटं गाते, आणि हिच्या चार ओळी तुम्हाला जड झाल्या? माझी बायको आहे ती! नीवेस गिरार्दिनी! ऐका तिला! तुमच्या कानात मेण घातलंय काय?"

गॅलरी आता माझ्या बाजूने होती. लोक पाय आपटत होते, "एर्मेस! एर्मेस!" करत होते. खोटं नाही सांगत, अंगात काहीतरी चढलं. मी पेल्लाकानींवर आलो, मिशांवर आलो, त्या नऊ दिवसांवर आलो, कबुतरांवर आलो. किती वेळ बोललो कोण जाणे. मग लक्षात आलं की व्हायोलिन थांबलीयत. मायेस्त्रोने काठी खाली ठेवली होती. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या पाठीमागे बघत होता.

मी वळलो. नीवेस ओळीतून एक पाऊल पुढे आलेली, अंबाड्याच्या बाजूला, हात समोर जुळवलेले. आन्सेल्मो तिच्यासमोर जाऊन उभा होता, तबक तिच्याकडे धरून. मी बघत असतानाच ती एक पाऊल मागे गेली आणि पुन्हा अंबाड्याआड झाली.

"गा ना!" मी म्हटलं. "अगं, थांबलीस का? गा आता!"

नोटरीची बायको डोळे पुसत म्हणाली, "गायली ती, सर्व्हेअर. झालं गाऊन."

पुढे सगळे रीतसर मेले आणि पडदा पडला. टाळ्या कोणाला सर्वांत जास्त मिळाल्या? मला. मला ओढून पुढे आणलं. बाहेर अमिल्कारेने मला मिठी मारली. "तिसरा अंक म्हणजे तू! काय छाती आहे रे! एवढी वर्षं लपवून ठेवलीस?" मायेस्त्रो म्हणाला, "एर्मेस, पुढच्या वर्षी हे ठेवू या," आणि चष्म्याकडे हात नेला. तो हात मी वरच्या वर धरला.

घरी येताना नीवेस माझ्या शेजारून चालत होती. नदीवरून वारा येत होता, तिने शाल घट्ट ओढून घेतली होती. मग म्हणाली, "बाकीच्यांचं जाऊ दे. तुला ऐकू आलं?"

आता काय सांगणार? तीस वर्षं मी कोणाच्या बापाला घाबरलो नाही. "आलं म्हणजे काय!" मी म्हणालो. "फार सुंदर. अगदी काळजाला भिडलं."

"तिसऱ्या ओळीत मी एक शब्द बदलला. लक्षात आलं तुझ्या?"

"हो तर! लगेच! मूळ शब्दापेक्षा बरा वाटला."

ती चार पावलं चालली. "मी काहीच बदललं नव्हतं, एर्मेस," म्हणाली.

त्यानंतर चौक गेला, चर्च गेलं, आमचा जिना आला. आर्जाबाई दारातच होत्या. "सर्व्हेअर, अहो काय बोललात हो! मी म्हटलं..." मी हात वर केला. पहिल्यांदाच त्या थांबल्या.

वर आल्यावर मी म्हणालो, "नीवेस, आत्ता म्हण. इथे. मी ऐकतो."

"तू?" ती म्हणाली. रागावली नव्हती, तेच फार वाईट होतं. तिने एप्रन बांधला, आनोलिनीसाठी, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्यासाठी, सार गॅसवर ठेवलं, आणि बोटाने खुर्ची दाखवली. "तिथे बस. एक शब्द बोलू नकोस. बघू किती वेळ जमतं."

तेव्हापासून मी या खुर्चीत बसलोय. पंचवीस मिनिटं झाली. हे सगळं मी मनातल्या मनात म्हणतोय, ओठसुद्धा हलवत नाही, कारण ती मधूनच वळून बघते. मायेस्त्रोची चूक, अमिल्कारेची चूक, कचेरीची चूक, डब्याची चूक, सगळ्यांच्या हद्दी माझ्या दोनदा मोजून झाल्या, आणि दोन्ही वेळा एक तुकडा उरतोच. तो माझ्याच कुंपणाच्या आत पडतो. फोन वाजून बंद झाला. खाली आर्जाबाईंनी टीव्ही लावला होता, आता त्यांनीही बंद केलाय, बहुतेक त्याही ऐकायला बसल्या असाव्यात. मला पायात मुंग्या आल्यात. नाक खाजतंय. बोलायचं एवढं साचलंय की छाती फुटेल, पण मी बोलत नाही.

नीवेस पाठमोरी उभी आहे. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. गॅस बारीक केला. एप्रनला हात पुसले, आणि खिडकी लावून घेतली.

आत्ता तिने घसा साफ केला.